सदतीस माणसं जास्त

भाईंदर पूर्वेला, नवघर रोडवरच्या एका चार मजली इमारतीत पाटकरांच्या दारावर पाटी होती : 'उत्तम पाटकर, कॉम्प्युटर'. बस्स, एवढंच. माणूस कॉम्प्युटर विकतो, दुरुस्त करतो, शिकवतो की स्वतःच कॉम्प्युटर आहे, काही खुलासा नाही. पाटी रंगवणाऱ्याने पुढचा शब्द खाल्ला होता आणि उत्तमरावांनी तो परत मागितला नव्हता. गंमत म्हणजे त्या घरात कॉम्प्युटर नव्हताच. त्र्याण्णव साली घरी कॉम्प्युटर ठेवायला पाटकर काय कारखानदार होते? घरात होतं एक शिलाई मशीन, एक लोखंडी कपाट, आठवीतली अनुष्का, आणि अनुष्काच्या आईभोवती, म्हणजे हंसाभोवती, साड्यांचे गठ्ठे.

हंसा फॉल लावायची. स्टेशनजवळच्या साडीच्या दुकानातून गठ्ठा यायचा आणि दुकानाचा माणूस दारातून विचारायचा, "भाभी, शनिवार तक पक्का?" हंसा म्हणायची, "पक्का भैया, लेकिन वो पिवळावाला दो दिन जास्ती लगेगा." तिची हिंदी अशी होती, पण तिचे टाके असे सरळ की त्या माणसाने कधी हिंदीची तक्रार केली नाही.

उत्तमराव आधी एका गिरणीच्या हेड ऑफिसात मशीन सेक्शनला, म्हणजे हिशेबाच्या यंत्रांवर, होते. गिरणी बसली, सेक्शन बसला आणि उत्तमरावही दोन वर्षं घरी बसले. ती दोन वर्षं हंसा कधी विसरली नाही. नवरा बाल्कनीत उभा राहून समोरच्या मिठागराकडे बघायचा, जेवायला हाक मारली तर तिसऱ्या हाकेला वळायचा. भांडला असता तर परवडलं असतं. मग एका औषधाच्या कारखान्यात कामगारांच्या नोंदी ठेवायला कॉम्प्युटर आला आणि तो चालवायला उत्तमराव लागले, तेही टेम्पररी. शिवाय संध्याकाळी रेल्वे फाटकापलीकडे, पश्चिमेला, एका क्लासमध्ये ते प्रोग्रॅमिंग शिकवायला लागले आणि 'सर' झाले.

आता त्या काळचं प्रोग्रॅमिंग म्हणजे काय प्रकार होता, ते ऐका. प्रोग्रॅम अडला तर विचारायचं कुणाला? पुस्तक उशीएवढं जाड, इंग्रजी, आणि नेमकं आपलं दुखणं सोडून बाकी सगळं त्यात. ऑफिसात विचारावं तर साहेबाला कळतं की याला येत नाही. म्हणून पोरं-पोरी प्रोग्रॅम कागदावर छापून घ्यायची, ती हिरव्या पट्ट्यांची लांबच लांब कागदाची घडी काखेत मारायची, आणि रविवारी पाटकर सरांचं दार वाजवायची.

पहिला आला कौस्तुभ. मीरा रोडचा, अंधेरीला कामाला, तोंडावर अजून मुरुमं. सर घरी नव्हते.

"बस रे," हंसा म्हणाली. "मोरव्याला गेलेत, क्लासातल्या काशीनाथच्या साखरपुड्याला. येतील तासाभरात. घाम केवढा आलाय तुला, काय झालं?"

"काकू, तुम्हाला नाही कळणार."

"नाही कळणार तर नाही कळणार. तासभर काय भिंतीकडे बघणारेस? सांग. फक्त साडेचारला नळाला पाणी येतं, त्याच्या आत."

कौस्तुभने घडी उलगडली. एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची यादी छापायची होती. छापली होती 'आचरेकर वसंत'. त्याखाली 'आचरेकर वसंत'. सगळ्या पानांवर वरपासून खालपर्यंत आचरेकर वसंत, आणि प्रिंटर बंद केला म्हणून थांबलेले आचरेकर वसंत.

"कोण रे हे? फार मोठे आहेत का?"

"कुणी नाहीत हो काकू! यादीत पहिले आहेत, एवढंच. सोमवारी मला काढून टाकतील."

"इंग्रजी नको. तू मशीनला काय काय करायला सांगितलंस, ते ओळीने सांग."

"यादी उघडायला सांगितली."

"मग?"

"पहिल्या नावावर जा म्हटलं."

"मग?"

"ते नाव छाप."

"मग?"

"यादी संपली का बघ. नसेल संपली तर पुन्हा..."

"संपली होती?"

"कशी संपेल? एकच तर नाव झालंय."

"मग?"

"मग पुन्हा नाव छा..." कौस्तुभचं तोंड उघडंच राहिलं. "अरे देवा. काकू, मी पुढच्या नावावर गेलोच नाही! पुढे सरक म्हणून सांगितलंच नाही त्याला!"

"तर सांग ना," हंसा म्हणाली आणि दातांनी दोरा तोडला.

एवढीच तिची विद्या. तिला हूं-हूं करत ऐकता यायचं नाही. गोष्ट पुढे सरकली पाहिजे, मधलं काही गाळलेलं चालायचं नाही. लोक आपल्याला जे ठाऊक आहे ते बोलताना गिळतात, आणि घोळ नेमका तिथे असतो. हंसा ते गिळू द्यायची नाही. तिला प्रोग्रॅममधलं ओ का ठो कळत नव्हतं आणि कळतंय असं तिने कधी दाखवलंही नाही. पण कौस्तुभने अंधेरीपासून विरारपर्यंत डंका पिटला.

रसिका आली. तिच्या कंपनीचं गिऱ्हाइकांना वाढदिवसाची कार्डं पाठवायचं काम होतं, आणि तेरा तारखेपासून पुढच्या सगळ्यांच्या तारखेची जागा कोरी छापून येत होती. "मग बारापर्यंत बरोबर येतं का?" हंसाने विचारलं. "बरोबर येतं" म्हणता म्हणता रसिकाने कागद बघितला, तर पाच मार्चवाल्या बाईंचा वाढदिवस तीन मेला. मशीन अमेरिकनांसारखा महिना आधी धरत होतं, आणि तेरावा महिना त्याला कुठे सापडणार! रसिकाने कपाळावर हात मारला. तोवर अडीचशे लोकांना भलत्या महिन्यात शुभेच्छा गेल्या होत्या.

मोरव्याचा काशीनाथही आला. "काकी, फाईल हाय, मना दिसते, पन यो मशीन म्हन्तंय न्हाय!" हंसाने त्याला फाईलचं नाव एकेक अक्षर मोठ्याने वाचायला लावलं. पाचव्या अक्षराला तो "ओ" म्हणाला, दुसऱ्यांदा वाचताना त्यालाच "शून्य" म्हणाला, आणि स्वतःच लाजला.

उत्तमरावांना आधी याची मजा वाटायची. "आमच्या गैरहजेरीत बाईंचा दवाखाना चालतो," असं ते क्लासात सांगायचे. पण एका रविवारी ते घरी असताना कौस्तुभ आला. उत्तमरावांनी चष्मा पुसून हात पुढे केला आणि हे येडं म्हणालं, "नको सर, तुम्ही राहू द्या. काकूंनाच सांगतो, पटकन होतं."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण पंधरा वर्षं मशीनपुढे घालवलेल्या माणसाला ते कसं लागलं असेल! उत्तमराव हसले, चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि बाल्कनीत गेले. त्या दिवसापासून ते घरात कामाबद्दल एक अक्षर बोलेनासे झाले. हंसाला ते कळलं. तिने कौस्तुभला जिन्यात गाठून झापलंसुद्धा, पण बोललेला शब्द काही परत गिळता येत नाही.

आणि नेमकं त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी, उत्तमरावांचं घोडं अडलं.

कारखान्याला सेवाज्येष्ठतेची यादी हवी होती. कोण कधीपासून कामावर आहे, सगळ्यांत जुना कोण, सगळ्यांत नवा कोण. माणसं कमी करायची होती, आणि शेवटी आलेला आधी जाणार असं युनियनशी ठरलं होतं. यादी कॉम्प्युटरवर करायची होती, म्हणजे उत्तमरावांनी. दहा वर्षांपूर्वीचं रजिस्टर आणि यंदाचं रजिस्टर त्यांनी मशीनमध्ये भरलं, दोन्ही जुळवायचा प्रोग्रॅम लिहिला आणि यादी काढली. कारखान्यात माणसं होती चारशे बारा. यादीत आली चारशे एकोणपन्नास. सदतीस माणसं जास्त!

त्यांनी प्रोग्रॅम तपासला, पुन्हा लिहिला. पुन्हा चारशे एकोणपन्नास. एकच नाव दोनदा आलंय का बघितलं, तर नाही. सोडून गेलेले वगळायचे राहिलेत का बघितलं, तर तेही नाही. साहेबांनी शुक्रवारी बोलावून सांगितलं की सोमवारी दुपारपर्यंत यादी बरोबर झाली तर पाटकर परमनंट, नाहीतर काम बाहेरच्या कंपनीला देऊ. बाहेरच्या कंपनीला म्हणजे पाटकर घरी, हे साहेबांनी सांगायची गरज नव्हती.

हंसाला हे कळलं शुक्रवारी जेवताना, कारण त्यांनी भाताचा घास तोंडापर्यंत नेला आणि परत ताटात ठेवला.

"काय झालं?" तिने विचारलं. त्यांनी चार वाक्यांत सांगितलं, भिंतीकडे बघत.

"मग?" तिच्या तोंडून गेलं. सवयच ती.

"मग-मग करू नकोस," ते एकदम भडकले. "मी कौस्तुभ नाही."

अनुष्का ताटावरून उठून आत गेली. राग तिलाही आला होता, पण त्याहून मोठी भीती आली होती, ती बाल्कनीतली दोन वर्षं आठवून.

शनिवारी उत्तमरावांनी कौस्तुभला आणि रसिकाला बोलावून घेतलं. त्यांनी बोलावलं यातच काय ते समजा. तिघांनी पलंगभर कागद पसरले. रसिका प्रत्येक ओळीला पेन्सिलने टिंब देत गेली, कौस्तुभने बेरजा केल्या, तीनदा चहा झाला. प्रोग्रॅममध्ये चूक नव्हतीच! मशीन जसं सांगितलं तसंच करत होतं. शेवटी कौस्तुभ हळूच म्हणाला, "सर, एकदा काकूंना सांगून..."

"चहा संपवा आणि निघा," उत्तमराव म्हणाले.

पोरं गेली. रविवारी सकाळीही तेच. कागद, पेन्सिल आणि त्यांची वाकलेली पाठ. जेवण झालं, अनुष्का मैत्रिणीकडे गेली. दुपारी ते कागद सोडून उठले आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. हंसाने बघितलं. कठड्यावर दोन्ही हात, नजर समोर, तेच ते उभं राहणं. तिच्या हातातली सुई थांबली. ती उठली आणि त्यांच्यामागे जाऊन उभी राहिली.

"मला भीती वाटतेय," ती म्हणाली. "तुमची नाही, या उभं राहण्याची. ती दोन वर्षं मी पुन्हा नाही काढू शकत. मला सांगायचं नसेल तर त्या कठड्याला सांगा, पण तोंडाने सांगा. मी 'मग' म्हणणार नाही, देवाशपथ."

उत्तमराव आत आले, पलंगाच्या कडेला बसले, तिच्याकडे पाठ करून. आणि सुरू झाले.

"जुनं रजिस्टर उघडतो."

हंसा काही बोलली नाही.

"त्यातलं प्रत्येक नाव यादीत घेतो. त्याची रुजू झाल्याची तारीख घेतो."

हंसा साडीला फॉल टाचत राहिली.

"जे राजीनामा देऊन गेले किंवा वारले त्यांची वेगळी फाईल आहे. ती नावं काढतो." ते थांबले. मान किंचित वळली. "म्हण ना."

"काय?"

"मग म्हण. तू म्हणत नाहीस तर मला पुढचं सुचत नाहीये."

हंसाला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदमच. "मग?" ती म्हणाली.

"मग नवं रजिस्टर उघडतो. त्यातलं एकेक नाव जुन्यात शोधतो."

"मग?"

"सापडलं तर तोच माणूस. जुनी तारीख तशीच ठेवतो."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर नवा माणूस. त्याला नवा नंबर, आणि त्याची तारीख नव्या रजिस्टरची."

"शोधता कशावरून? नावावरून?"

"नावावरूनच. दोन्ही रजिस्टरांत पूर्ण नावं नाहीत. नुसती आद्याक्षरं आणि आडनाव. एस. डी. परुळेकर, असं."

"म्हणजे बाप्या की बाई, कळत नाही."

"नाही कळत. काय करायचंय कळून?"

हंसाने सुई साडीला टोचून ठेवली. "हे नवे म्हणून आलेले कुठल्या खात्यात जास्त आहेत?"

त्यांनी कागद उचलले, बोट फिरवलं. "पॅकिंगला. बरेचसे पॅकिंगलाच आहेत."

"पॅकिंगला कोण असतं?"

"बायका. गोळ्या भरायला सगळ्या बायकाच आहेत." आणि मग त्यांनी स्वतःहून विचारलं, "का?"

"अहो, दहा वर्षांत त्यातल्या किती जणींची लग्नं झाली असतील?"

उत्तमराव आता पूर्ण वळले. पेन्सिल कानावरून काढून नुसतीच हातात धरली. "आडनाव बदलतं," ते पुटपुटले. मग मान हलवली. "पण नुसतं आडनाव बदललेले मी बघितले. पहिलं अक्षर तेच आणि आडनाव वेगळं, असे. मोजून चार-पाच निघाले. सदतीस नाही होत."

"पहिलं अक्षर तेच कसं राहील?" हंसाचा आवाज चढला. "तुम्ही माझं राहू दिलंत का? मी नीलिमा होते. तुमच्या घरात तुमच्या मोठ्या बहिणीचं नाव नीलिमा, एका घरात दोन नीलिमा चालायच्या नाहीत, म्हणून तांदळात अंगठीने हंसा लिहिलंत. एन. बी. मुणगेकरची एच. यू. पाटकर झाले. शोधा बघू त्यात एक तरी अक्षर सारखं! तुमच्या मशीनने मला कशी ओळखायची? तुमच्या यादीत मी दोन बाया आहे. एक जुनी, जी कधी सोडून गेलीच नाही, आणि एक नवी, जी कालच आली."

खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मॅट्रिकला मी तालुक्यात तिसरी आले होते," हंसा पुढे बोलत राहिली, कारण एकदा सुटलेलं आता थांबेना. "परळला असताना बालवाडीत बाई हव्या होत्या. मी गेले होते सर्टिफिकेट घेऊन. तिथल्या मुख्य बाई म्हणाल्या, यावर नीलिमा मुणगेकर आहे, रेशनकार्डावर हंसा पाटकर, या दोघी एकच कशावरून? गॅझेटमध्ये नाव छापून आणा. तुम्ही म्हणालात, कशाला ती कटकट. मीही म्हटलं, जाऊ दे. त्या पॅकिंगच्या बायकांचं तेच झालंय. बारा-बारा वर्षं गोळ्या भरतायत आणि तुमच्या यादीत सगळ्यांत नव्या. सगळ्यांत आधी त्यांनाच काढतील ना?"

"हो," उत्तमराव म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. नोकरी वाचायचा रस्ता सापडला तरी माणसाचा चेहरा असा उतरतो, हे हंसा पहिल्यांदाच बघत होती. "मला हे सुचलंच नाही गं. नाव म्हणजे माणूस, असंच धरून चाललो मी. माझं कधी बदललं नाही, म्हणून."

"तुमचं कशाला बदलेल," ती म्हणाली आणि नाक पुसून पुन्हा साडी मांडीवर ओढली.

संध्याकाळपर्यंत त्यांनी प्रोग्रॅम कागदावर सुधारला. प्रत्येक नोंदीत एक जागा वाढवली : आधीचं नाव. मध्ये दोनदा त्यांनी विचारलं, "हे बरोबर वाटतं का बघ." दोनदा तिने विचारलं, "मग?" एकदा चूक निघाली, एकदा नाही.

सोमवारी सकाळी साडेसातलाच उत्तमराव कारखान्यात पोचले आणि तडक पॅकिंगला गेले. तिथल्या सुपरवायझर वैजयंताबाई म्हणजे वीस वर्षांचं चालतंबोलतं रजिस्टर. त्यांच्यापुढे दोन्ही रजिस्टरांतली आद्याक्षरं ठेवली तशी बाईंनी मिरची निवडावी तशा खुणा करायला सुरुवात केली. "ही म्हणजे ती. ही म्हणजे ती. हिचं नाव बदललं नव्हतं, नवऱ्याने राहू दिलं, चांगला होता. ही बघा, हिचं तर दोनदा लग्न झालंय, पण तुमच्याकडे एकदाच आलंय." पाऊण तासात छत्तीस जणी सापडल्या. सदतिसावा निघाला गोदामातला बाबाजी, ज्याचं आडनाव एकदा 'व्ही'ने लिहिलं होतं आणि एकदा 'डब्ल्यू'ने. दुपारी साडेबाराला यादी साहेबांच्या टेबलावर होती. चारशे बारा.

हंसा दिवसभर घरात होती. हातून फॉल उलटा लागला, उसवला, पुन्हा लावला. सहाला जिन्यात पावलं वाजली. त्या पावलांवरूनच तिला निम्मं कळलं, पण निम्म्याने काय होतं? ती दार उघडून उभी राहिली.

"परमनंट," उत्तमराव म्हणाले. "एक तारखेपासून."

हंसा मटकन खालीच बसली, चपलांच्या शेजारी. "बायकांचं?"

"त्यांच्या तारखा जुन्या लागल्या. छत्तीसच्या छत्तीस. यातल्या कुणाला आता काढता येणार नाही." ते तिच्यासमोर उंबरठ्यातच बसले, बॅग मांडीवर घेऊन. शेजारच्या बाई डोकावल्या, "क्या हुआ भाभी?" आणि काही झालं नाही बघून आत गेल्या.

"साहेबांनी विचारलं, चूक कुणी काढली," ते म्हणाले. "म्हटलं, माझ्या बायकोने."

"अगं बाई! असं सांगितलंत?"

"हसले ते. म्हणाले, त्याही प्रोग्रॅमर आहेत का? नाव काय त्यांचं?" उत्तमराव बॅगेच्या बंदाशी खेळत राहिले. "आणि हंसा, मी अडकलो. साधं नाव विचारलं माणसाने, आणि मला कळेना कुठलं सांगू."

"मग कुठलं सांगितलंत?"

"दोन्ही सांगितली."

हंसा त्यांच्याकडे बघत राहिली. मग विचारायचं ते तिने विचारलंच. "माझं माहेरचं नाव काल मी बोलले म्हणून सांगता आलं. त्याआधी लक्षात होतं तुमच्या?"

खोटं बोलायला ती वेळ चांगली होती, आणि ते खपलंही असतं.

"पूर्ण नव्हतं," उत्तमराव म्हणाले. "नीलिमा होतं. मुणगेकर होतं. पण तुझ्या वडलांचं नाव मला आठवेना. सबंध रस्ताभर आठवत होतो. काल तू बी म्हणालीस. बी म्हणजे काय, ते मला सांगता आलं नाही. साहेबांना मी माहेरचं म्हणून नीलिमा मुणगेकर एवढंच सांगितलं. अठरा वर्षं झाली गं आपल्याला."

ते ऐकून तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आणि ते खरं बोलले याचं बरंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटलं, आणि त्यातलं कुठलं मोठं, हे तिला त्या दिवशी सांगता आलं नसतं.

"भालचंद्र," ती म्हणाली. "नीलिमा भालचंद्र मुणगेकर. म्हणा."

"नीलिमा भालचंद्र मुणगेकर," उत्तमराव म्हणाले.

"पुन्हा म्हणा."

त्यांनी पुन्हा म्हटलं.